मधल्या लेनमधले मामा

माझे मामेसासरे एसटीत चालक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी छोटी पेट्रोल गाडी घेतली आणि ती ते ताशी साठने चालवतात. सातारा रस्त्याला साठ, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या मधल्या लेनमध्येही साठच. त्यांची भाची, म्हणजे माझी बायको, मेकॅनिकल इंजिनिअर. तिला कामासाठी दर आठवड्याला याच एक्स्प्रेसवेवरून जावं लागतं आणि जिथे शंभरची परवानगी आहे तिथे ती शंभरने जाते. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून दोघंही मला पंच समजतात. पंचाला मागे, पिशव्यांच्या शेजारी बसवतात.

परवा पनवेलहून पुण्याला निघालो तेव्हा गाडी मामांच्या हातात होती. फूड मॉलला थांबलो आणि चहा यायच्या आतच सुरू झालं.

"मामा, कळंबोलीपासून इथवर मागून किती जणांनी डिपर मारला, लक्ष होतं का?"

"होतं की. आरसा कशाला असतो?"

"मग?"

"मग काय? त्यांना घाई आहे, मला नाही. पुढे जायला उजवी लेन आहे. मी कुणाचा हात धरलाय?"

"ती लेन मोकळी नव्हती ना! त्या निळ्या लक्झरीचं काय झालं पाहिलंत? ती ऐंशीने आली, तुम्ही साठवर. उजवीकडे शंभरने गाड्यांची रांग. म्हणून ती ब्रेक मारून साठवर आली. मग जराशी फट दिसली तशी साठवरूनच उजवीकडे घुसली. आता शंभरने येणाऱ्याच्या पुढ्यात साठची बस. त्याने ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जोरात दाबला. आणि तो पांढऱ्या गाडीवाला तर वैतागून आपल्या डावीकडून गेला. तुम्ही सरळ चालला होतात, मान्य. तुमच्या मागे मात्र धुळवड चालली होती."

"डावीकडून गेला ते माझं पाप? त्याला लायसन कुणी दिलं ते विचार आधी."

चहा आला. मामांनी तो बशीत ओतला आणि मोर्चा माझ्याकडे वळवला.

"जावईबापू, तुम्ही ऐका. एसटीत लिटरला किती असं विचारत नाहीत, दहा लिटरला किती किलोमीटर असं विचारतात. केपीटीएल म्हणतात त्याला. आमच्या डेपोत बोर्डावर नावानिशी लागायचा. आकडा खाली आला की साहेब बोलावून घ्यायचे. मला कधी बोलावलं नाही. तीच गाडी, तोच रस्ता, तेवढेच पॅसेंजर, आणि दोन ड्रायव्हरांच्या आकड्यात पाच-पाच किलोमीटरचा फरक. कुठून येतो हा फरक? पायातून."

"पाय मान्य," बायको म्हणाली. "साठ अमान्य. तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगा बरं."

मामांना स्वतःच्या मुलांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण हे तोंडपाठ आहे. "शंभरने धरून चालवली तर साडेसतरा. ऐंशीने एकवीस. साठने साडेतेवीस. टाकी फुल करून काढलेले आकडे आहेत, डॅशबोर्डवरचे नव्हेत."

बायकोने वड्यांचं बिल उलटं केलं आणि पेन काढलं. एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट सोडला तर सपाटीचे ऐंशी धरू, म्हणाली. शंभरने गेलं तर अठ्ठेचाळीस मिनिटं आणि साडेचार लिटरच्या किंचित वर. ऐंशीने एक तास, ३.८ लिटर. साठने एक तास वीस मिनिटं, ३.४ लिटर.

"आता बघा. शंभरवरून ऐंशीवर आलात तर बारा मिनिटं जातात आणि पाऊण लिटर वाचतं. सौदा चांगला आहे. ऐंशीवरून साठवर उतरलात तर आणखी वीस मिनिटं जातात आणि वाचतं जेमतेम चारशे मिली. चाळीसेक रुपये. अहो, याच रस्त्याला आपण टोल भरतो तीनशे वीस!"

"चाळीस रुपये काय झाडाला लागतात?"

"पहिल्या वीसमध्ये जेवढं वाचतं त्याच्या निम्म्याच्या आसपास दुसऱ्या वीसमध्ये. कारण सगळा खेळ वाऱ्याचा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचे शंभर केलेत की तो दीडपटीहून जास्त होतो. म्हणून वरच्या अंगाला वेग कमी केलात की भरपूर हाती लागतं. खाली येत जाल तसा वारा कमी उरतो आणि टायरचं घर्षण उरतं, ते साठला जेवढं जवळजवळ तेवढंच ऐंशीला. आणि एसी तर किलोमीटरवर नाही, तासावर पेट्रोल पितो."

"मी एसी लावतच नाही."

"ते आमच्या कपड्यांवरून कळतंय."

मामांनी मग आपला जुना साक्षीदार काढला. पेट्रोल वाचवा म्हणणाऱ्या सरकारी जाहिराती: ताशी ४५ ते ५५ ने चालवा. "सरकार सांगतं, मी काय मनचं सांगत नाही. उलट पाच जास्तच चालवतो." बायकोचं उत्तर तयार होतं. तो सल्ला अँबॅसिडर आणि फियाटच्या काळापासूनचा. चार गिअरच्या, कार्बुरेटरच्या गाड्या, आणि अशा आठ पदरी-सहा पदरी रस्त्यांचा पत्ता नव्हता. पुणे-मुंबई जुन्या रस्त्याने पंचावन्नने जाणारा माणूस तेव्हा कुणाच्या आड येत नव्हता, कारण बाकीचेही तेवढ्यानेच जात. मला हा मुद्दा पटला. सल्ला तोच राहिला आणि आजूबाजूचा रस्ता बदलला, की सल्ल्याचा अर्थ बदलतो.

"आता त्या निळ्या बसचा हिशेब करू," म्हणत तिने बिलाचा उरलेला कोपरा वापरला. बस माणसांसकट पंधरा टनांची धरली. ऐंशीवरून ब्रेक मारून साठवर आणायची आणि पुन्हा ऐंशीला न्यायची, तर ब्रेकमध्ये जी गती जळून जाते ती परत मिळवायला अंदाजे सव्वाशे मिली डिझेल लागतं. शंभरवरून ऐंशीवर यावं लागलेल्या आणि परत शंभरला गेलेल्या प्रत्येक छोट्या गाडीचे पंधरा-वीस मिली वेगळे. "म्हणजे मामा, अशा तीन बसगाड्या तुम्ही ब्रेकवर आणल्यात की तुमचे चारशे मिली साफ. बचत तुमच्या टाकीत झाली, तिचं बिल दुसऱ्यांच्या टाकीतून गेलं. आपण पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो. देशाच्या दृष्टीने तुम्ही काहीच वाचवलं नाहीत."

मला वाटलं, संपला सामना. पण एसटीच्या माणसाला वळणावर गाठणं सोपं नसतं.

"त्या बसवाल्याने ब्रेक का मारला?" मामांनी विचारलं.

"कारण पुढे तुम्ही..."

"मी काय भुतासारखा अचानक उभा राहिलो पुढे? सरळ रस्ता, लख्ख ऊन. अर्ध्या किलोमीटरवरून त्याला मी दिसत होतो. तेव्हाच पाय उचलला असता तर गाडी आपोआप सत्तरवर आली असती. आरशात फट बघितली असती, सावकाश उजवीकडे निघाला असता, ब्रेकला पाय लावायची गरज नव्हती. हा ऐंशीने येऊन माझ्या पाठीला चिकटला आणि मग जागा झाला. ते सव्वाशे मिली त्याच्या केपीटीएलमध्ये लाव. माझ्या खात्यावर कशाला?"

बायको थोडा वेळ गप्प बसली. मग तिने स्वतःच्याच विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितली, हे तिच्या बाजूने नोंदवतो. जपानमध्ये नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर बावीस गाड्या सोडल्या होत्या. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. सगळ्यांना एकच सूचना: तीसच्या आसपास एकसारख्या वेगाने चला. त्यात मुद्दाम हळू जाणारा कुणीच नव्हता. तरी थोड्या वेळात कोंडी तयार झाली आणि ती गोलावरून मागे मागे सरकत राहिली. कुणीतरी जरा जवळ गेला, त्याने जरा ब्रेक मारला, मागच्याने त्याहून जास्त मारला, आणि शेवटी एकाला उभंच राहावं लागलं.

"बघ," मामा म्हणाले. "कोंडी हळू जाणारा करत नाही. अंतर न ठेवणारा करतो."

"दोघं मिळून करतात, मामा."

इथे ब्रेकवरून विषय आपोआप न्यूट्रलवर गेला आणि काही मिनिटं दोघांचं एकमत झालं. डिझेल वाचवायला ट्रकवाले उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात, काही जण तर इंजिनच बंद करतात. पुण्याला नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार याच कारणाने बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या चिरडल्या, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं.

मामांचा चहा गार झाला. "इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर बंद. हवा भरत नाही. दोन-चारदा ब्रेक मारलास की टाकीतली हवा संपली. स्टेअरिंग दगडासारखं होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी गाडीला धरून ठेवायला काही नाही; सगळा भार लायनरवर, लायनर तापले की ब्रेक पकडतच नाही. आणि मग पोलिसांना सांगायचं, ब्रेक फेल झाला. ब्रेक फेल होत नाही, ड्रायव्हर फेल होतो. आम्हाला शिकवलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा."

"आणि वाचत काहीच नाही," बायको म्हणाली. "हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त जाळतो."

"हे त्या पोरांना कुणी सांगत नाही. मालक फक्त डिझेलचा हिशेब मागतो."

हे वाक्य मामा सहज बोलून गेले, पण मला ते त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ट्रकचालकाला मिळणारं डिझेल मोजून मिळतं. वाचेल ते त्याचं, कमी पडेल तेही त्याच्याच खिशातून, अशी बोली असली की उतार दिसताच हात गिअरकडे जाणारच. मामांचे चाळीस रुपये ही हौस आहे. त्याच्यासाठी ती मजुरी असते. नुकसान झालं तर ते मात्र मालकाच्या वहीत नसतं, नवले पुलाखाली उभ्या असलेल्या माणसांच्या वाट्याला येतं.

"हळू चालवणं वाईट आहे असं मी म्हणतच नाही," बायकोने धागा परत उचलला. "१९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं. १९७४ च्या जानेवारीत निक्सनने सही केली आणि अख्ख्या अमेरिकेत ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा आली. आपले अठ्ठ्याऐंशी. १९८७ मध्ये ती ढिली केली आणि १९९५ मध्ये काढून टाकली. पण ती सगळ्यांना होती. सगळे एकदम हळू झाले तर कुणाचं अडत नाही. एकटा झाला की अडतं."

"त्र्याहत्तर मला आठवतं. मी शाळेत होतो. वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते पेट्रोलच्या भावावरून."

"तुमचा आदर्श कोण ते आत्ता कळलं."

मामा मनापासून हसले. मग म्हणाले, "पण तू फरकाचं म्हणतेस ते बरोबर असेल तर माझ्यात आणि तुझ्यात चाळीसचा फरक आहे. तो मीच का भरून काढायचा? तू का नाही?"

बायकोने एका जुन्या अमेरिकन अभ्यासाचा आधार घेतला. १९६४ मध्ये डेव्हिड सॉलोमन यांनी दाखवलं होतं की सरासरीपेक्षा फार जोरात जाणारे आणि फार हळू जाणारे, दोघंही अपघातांत जास्त सापडतात. हा आलेख जोरात चालवणाऱ्यांचा फार लाडका आहे. मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या हळू गाड्यांमध्ये वळण घ्यायला किंवा रस्त्यावर चढायला वेग कमी केलेल्याही पुष्कळ होत्या, आणि पुढे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला झालेल्या अभ्यासात हळू जाणाऱ्यांचा धोका वाढलेला दिसलाच नाही. जोरात जाणाऱ्यांचा मात्र भरमसाट वाढलेला दिसला. तेव्हा मामा स्वतः धोक्यात आहेत, हे बायकोचं म्हणणं टिकत नाही. त्यांच्यामुळे इतरांना त्रास होतो, हे टिकतं. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण रस्त्यावर त्या सारख्या एकात एक मिसळतो. मागून डिपर मारणारा माणूस तोंडाने सुरक्षिततेचं नाव घेतो. खरं तर त्याला बारा मिनिटं हवी असतात.

पंच म्हणून मला विचारलं तर: पायाबद्दल मामा बरोबर, आकड्याबद्दल भाची. मामांची जी खरी विद्या आहे, दूरवर बघून पाय उचलायचा आणि ब्रेकला शक्यतो हात... म्हणजे पाय लावायचा नाही, ती साठला जितकी चालते तितकीच ऐंशीला. बचतीचा मोठा वाटा तिच्यातच आहे. साठ हा आकडा तिला नंतर चिकटला. एसटीच्या स्पीड लॉकमधून आला की जाहिरातीतून, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आणि भाची शंभरने जाते ते कायद्यात बसतं, पण तिचा उजवा पाय मी मागच्या सीटवरून पाहिलेला आहे. ती पुढच्याच्या इतकी जवळ जाते की बिलावरचे पंधरा-वीस मिली तिला स्वतःलाही लागू व्हावेत.

हे मी तेव्हा मोठ्याने बोललो नाही. पुण्याला पोचायचं होतं.

"बरं, डावीकडून का नाही जात?" बायकोने शेवटचा प्रश्न टाकला. "साठने जायचं तर डावी लेन आहे की. मोटार वाहन कायद्यात राज्य सरकारला जास्तीत जास्त वेग ठरवता येतो तसा कमीत कमीही ठरवता येतो. उद्या मधल्या लेनला ठरवला तर?"

"डावी लेन तू कधी बघितलीस का? तुझं आयुष्य उजवीकडे गेलं." मामा बोटांवर मोजू लागले. लोखंडाच्या कॉइल घेतलेला ट्रेलर चाळीसने. त्याच्या मागे पंचेचाळीसने दुसरा, आणि त्याला पहिल्याला ओव्हरटेक करायची हौस. टायर फुटलेला ट्रक अर्धा लेनमध्ये, अर्धा बाहेर, पाठीमागे त्रिकोण नाही, झाडाची फांदी ठेवलेली. फोनवर बोलायला थांबलेली गाडी. लघवीला उतरलेलं अख्खं कुटुंब. "तिथे साठनेसुद्धा जाता येत नाही. दर दोन मिनिटांनी बाहेर पडा, आत या. प्रत्येक वेळी गिअर, प्रत्येक वेळी पेट्रोल. वर कमानीवर कॅमेरे. लेन मोडली म्हणून चलान यायचं. मधल्या लेनमध्ये मी एकदा शिरलो की पुण्यापर्यंत स्टेअरिंग हलत नाही."

यावर बायकोकडे उत्तर नव्हतं, कारण हे खरं होतं. आपल्याकडे हळू जाणाऱ्याला कायद्याने डावी लेन दिली आहे आणि प्रत्यक्षात ती कुणी मोकळी ठेवलेली नाही. चाळीसचा ट्रक डावीकडे, साठचे मामा मध्ये, आणि मग ऐंशीच्या बसला शंभरची लेन घ्यावी लागते. प्रत्येक जण एक एक घर उजवीकडे सरकलेला.

बिल भरलं तेव्हा ज्याच्या मागे हिशेब होता तोच कागद वेटरने उचलून नेला. आम्ही गाडीकडे निघालो. किल्ली कुणाकडे, यावर थोडी ओढाताण झाली. मामांनी ती सोडली नाही.

"ठीक आहे. ऐंशीने चालवतो," ते म्हणाले. "घाट संपला की. घाटात काय, तुझी आणि माझी गाडी सारखीच, ट्रकच्या मागे."

"आणि डावीकडून?"

"जमेल तेवढं डावीकडून."

"आणि पुढे ट्रेलर आला की?"

"आरसा बघीन, इंडिकेटर देईन, शंभरला नेईन, पुढे काढीन आणि परत डावीकडे येईन. शिकवू नकोस."

"शंभरला? आणि पेट्रोल?"

"तेवढं जावईबापू देतील."